बोदलमधला माझा आवाज

गोंदिया
११ नोव्हेंबर २०२५

गजू,

मायना एवढाच ठेवते. 'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे गेला नाही.

पत्ता खुशबूने दिला. माझी लेक तुझ्याशी फोनवर बोलते, वाढदिवसाला तू तिला पैसे पाठवतोस, हे मला आत्ता कळतंय. तिला मी काही बोलले नाही. पुतणीने काकाशी बोलू नये असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं. काकाने मात्र या घराला सहा वर्षांत एक फोन केला नाही.

तुझा व्हिडिओ पाहिला. चेहरा नाही, नाव नाही, बोलायलाही कॉम्प्युटरचा बायकी आवाज लावलाय, शुद्ध हिंदीत. काळं टेबल आणि त्यावर बोदल स्पीकरची जोडी. तुझ्या दादाने इथे मागच्या खोलीत बसून बनवलेली. सागाची ती पेटी मी पॉलिश केलेली असणार, कारण गेल्या तीन-चार वर्षांतल्या सगळ्या जोड्या मीच केल्या. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा स्पीकर, आणि त्याच्याबद्दल तू अर्धा तास असा बोललास, जसा कुणी कोर्टात खुन्याबद्दल बोलतो. आलेख दाखवलेस. लाल रेघ वर चढत गेलेली. शेवटी तो बायकी आवाज म्हणाला, हा स्पीकर म्हाताऱ्या कानांनी म्हाताऱ्या कानांसाठी बनवलाय, ज्यांना आवडतो त्यांनी कौतुक लिहिण्याआधी डॉक्टरकडे जाऊन यावं.

हा कुणी परका असेल असंच मी तोवर धरून चालले होते. मग तू मला वाजवलंस.

दरेकसा, सालेकसा, सौंदड, वडसा. स्वयंपाकघरात उभी होते, हातातली कढई खाली ठेवली. तू सहावीत होतास. दादाने नागपूरहून टेपरेकॉर्डर आणला होता आणि तुझा हट्ट होता की वयनीने स्टेशनवरच्या बाईसारखं बोलून दाखवायचं. माझे वडील रेल्वेत गार्ड, सगळी स्टेशनं मला पाठ. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आमच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायच्या. 'स' म्हणताना पट्टी हलली पाहिजे, पण फडफडता कामा नये. तीच पट्टी मी तुझ्या ओठांपुढे धरून तुला इंग्रजी शिकवलं. आई गेल्यावर आठ वर्षांचा तू या घरात आलास तेव्हा तुला 'श' म्हणता येत नव्हता. हे तुझ्या चाळीस हजार प्रेक्षकांना सांगितलंस का?

त्यांना तू सांगितलंस ते हे : "या बाईला मी अकरा वर्षं हातभर अंतरावरून ऐकलंय. ती अशी बोलत नाही. हा स्पीकर तिच्या तोंडात ब्लेड ठेवतो."

या वाक्यावर मला रडू आलं की राग, ते अजून ठरलेलं नाही.

आता इकडचं ऐक. तुझ्या दादाच्या स्पीकरवर जीव टाकणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, 'झाडीनाद'. तू होतास तेव्हा आठ-दहा जण होते, आता पार भिलाईपासून अकोल्यापर्यंत पसरलेत. आठवड्यापासून तिथे दुसरा विषय नाही. एक म्हणतो, अॅम्प्लिफायर कोणता लावला ते दाखवलं नाही. दुसरा म्हणतो, खोलीत ना पडदा ना सतरंजी, उघड्या फरशीवर कोणताही स्पीकर ओरडणारच. तिसऱ्याचं म्हणणं, बोदल कोरा होता, लोणच्यासारखा तो आधी मुरावा लागतो. तिरोड्याचे भोजराज गुरुजी, निवृत्त होऊनही ज्यांची शाळा सुटलेली नाही, त्यांनी तुझ्या आलेखावर लाल शाईने खुणा करून फोटो टाकला. खाली लिहिलंय : 'पुन्हा काढून आणा'. आणि आपल्या बाजारातले कापडवाले दुलीचंद सेठ. त्यांनी माझ्याबद्दल लिहिलंय, "ये किस टेसन की बाई पकड़ लाया? गला ही खराब है, स्पीकर क्या करेगा." त्याखाली चाळीसेक हसरे चेहरे. ही बाई दर संक्रांतीला त्यांना तिळगूळ देते, हे त्यांना कुठून माहीत असणार.

तुझ्या दादाला यातलं काहीही माहीत नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, ड्रॉप्स चालू आहेत, मोबाईल बघायची बंदी आहे. ग्रुपवरचं मी वाचून दाखवते. म्हणजे जेवढं दाखवायचं तेवढंच. सध्या त्यांच्या समजुतीप्रमाणे ग्रुपवर सगळे धानकापणीत आहेत, म्हणून शांतता आहे.

पण तेवीस तारखेच्या रविवारी वार्षिक बैठक आहे, आपल्याच घरी. त्या दिवशी हे लोक तो व्हिडिओ दादाच्या समोर, दादाच्याच बोदलवर लावणार आणि सगळे मिळून उत्तर तयार करणार. बाकी कुणाला नाही कळलं, तरी दादाला माझा आवाज कळेल. आणि या घराबाहेर ती टेप तुझ्याशिवाय कुणाकडे असणार?

त्याआधी व्हिडिओ काढून टाक. दुसरं काही मागत नाही. त्यांचं मन तुझ्यावरून उडालंय असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तुझा पलंग त्यांनी कुणाला दिलेला नाही, हलवूही दिलेला नाही. परक्याने थोबाडीत मारली तर हा माणूस चार दिवसांत विसरेल. तू मारलीस हे कळलं तर मात्र तो पलंग ते स्वतःच्या हाताने भंगारात देतील. आणि त्यानंतर तुम्हा दोघांत बोलण्यासारखं काही उरणार नाही.

वहिनी


१७ नोव्हेंबर

गजू,

तुझं उत्तर खुशबूमार्फत मिळालं. मला दोन ओळी लिहायला तुझा हात दुखला असता.

"दादाचे कान तपासून घे, रिपोर्ट पाठव, त्याच दिवशी काढतो."

वा. आता तू अटी घालणार. कान धरून मी ज्याला पाढे म्हणायला लावले, तो माझ्याकडून रिपोर्ट मागतोय.

तुझं म्हणणं खोटं आहे असं मी कुठे लिहिलं? पत्र पुन्हा वाच. ते तू चारचौघांत म्हटलंस, एवढंच मी लिहिलं. बोदल टोचतो हे मला तुझ्या लाल रेघेतून कळायला हवं होतं का? त्या खोलीत मी राहते. संध्याकाळी तो लागला की माझे दात शिवशिवतात, चिंच खाल्ल्यासारखे.

पण तो असा का झाला हे तुला माहीत नाही, कारण तू निघून गेलास. म्हणून सांगते.

तीस वर्षं राईसमिलच्या मोटारी दुरुस्त करून माणसाच्या कानाचं काय होतं, ते तू इंजिनिअर आहेस, तुला कळतं. आधी त्यांना पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग कुकरची शिट्टी. मग माझ्या बोलण्यातला 'स' गेला. 'साखर' म्हटलं की त्यांच्यापर्यंत 'आखर' पोचायचं. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मागच्या खोलीत बसून स्पीकर जुळवताना मात्र ते एकच गोष्ट लावायचे, ती टेप. माझी स्टेशनं. लग्न होऊन आले तेव्हा मी कशी बोलायचे, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या बारक्या आवाजाच्या भोंग्याला, ट्वीटरला, एक लगाम असतो ना, रेझिस्टर, तो ते दरवर्षी थोडा ढिला करायचे. थोडा, मग अजून थोडा. मी चहा घेऊन गेले की खूश होऊन सांगायचे, "आला पाहा तुहा आवाज. पहिल्यासारखा आला."

कपबशी ठेवून मी परत यायचे. काय सांगायला हवं होतं मी? तू सांगितलंसच की. खुशबूच्या लग्नानंतर बरेच पाहुणे गेले होते, मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले. तू म्हणालास, दादा, टेपवर काऊन जातोस, वयनी समोर बसली आहे, तिले बोलायला लाव आणि ताडून पाहा. बरोबर बोललास. पण माझ्या व्याही-विहिणीसमोर बोललास. दादा म्हणाले, "माह्या घरात माहा कान चालते." तू म्हणालास, "मंग त्या कानासंगंच राहा." आणि बॅग उचललीस. त्याच बॅगेत टेपची प्रत घालून नेलीस, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

समोरच्या माणसाला ते का बोलायला लावत नाहीत, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. टेपमधला आवाज वाढवता येतो. समोरच्या बायकोचा आवाज कुठून वाढवणार? तिला बोलायला लावलं आणि ऐकू आलं नाही, तर मग काय गेलं ते डोळ्यांपुढे उघडं पडतं. लगाम ढिला करता येत होता तोवर त्यांना माझा आवाज शाबूत ठेवता येत होता. तुझ्या भाषेत हे म्हातारपणाचं लक्षण. मला ते दुसरं काहीतरी वाटायचं. काय, ते लिहीत नाही. तू त्याचाही आलेख काढशील.

रिपोर्ट मिळणार नाही. मी त्यांना कान तपासायला नेणार नाही. अशा वेळी, अशा कारणासाठी तर नाहीच. अजून रविवार यायचा आहे. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे. तेवढ्याच ओळखीवर मागते, व्हिडिओ काढ.

वहिनी


२४ नोव्हेंबर

गजू,

तू काढला नाहीस.

काल काय झालं ते क्रमाने सांगते. तुला लोकांकडून कळेलच, पण लोकांना अर्धंच दिसलंय.

सकाळपासून माणसं येत होती. विहारातून चटया मागवल्या होत्या. बैठकीच्या खोलीत पुरुष, मागे स्वयंपाकघरात आम्ही बायका. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण या बैठकीला आजवर एकही बाई ऐकायला बसलेली नाही. दादा नवा पांढरा शर्ट घालून दोन्ही बोदलच्या मधोमध खुर्चीवर. डोळ्यांना काळा चष्मा. गुरुजींनी "जयभीम, आजचे सत्कारमूर्ती" म्हणून त्यांना हार घातला, म्हणजे ते खूश.

मागे आम्ही वडे तळत होतो. पुढे तुला शिव्या चालल्या होत्या आणि मागे, विश्वास ठेव किंवा नको ठेवूस, तुझी बाजू घेतली जात होती. गुरुजींच्या वच्छलाबाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "आमच्या घरी बोदल लागला का मले मांगच्या अंगणातलं धुणं आठवते." सेठजींची शामकला म्हणाली, "मैं तो सीधे मंदिर निकल जाती हूँ. जितना बोदल ने मुझे मंदिर भेजा, उतना मेरी सास नहीं भेज पाई." सगळ्या हसल्या. एक भिलाईची सून होती, ती म्हणाली की तिचं बाळ त्या आवाजाला रडतं आणि सासरे म्हणतात, बाळाला संगीताचा कान आहे. मीही हसले. घरोघरी सगळ्यांना माहीत होतं, गजू. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, एवढंच. तू आलेख काढण्याऐवजी एकदा या स्वयंपाकघरांतून फिरला असतास तरी चाललं असतं.

मग त्यांनी व्हिडिओ लावला.

मी दारात येऊन उभी राहिले. बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं, म्हणून गुरुजींनी तो मध्येच थांबवला. विमान गेल्यावर पुन्हा लावला. आलेख झाले, म्हातारे कान झाले, लोक चुकचुकले. दादा हसत होते. परक्याचं बोलणं त्यांना लागत नाही, मी तुला लिहिलंच होतं. मग स्टेशनं आली.

दादांचा हात वर गेला. "थांबवा," म्हणाले. "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मग त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून सांगितलेला.

"हा गजू होय," ते म्हणाले. "माहा भाऊ."

मग सेठजी हळूच म्हणाले, "घर का ही निकला." आणि दादा आपले बोलतच होते, आवाज न चढवता, की ही बाई म्हणजे अल्का आहे, टेप या घरातली आहे, पोरगं सहावीत होतं. दुलीचंद सेठनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंतरही पाहिलं नाही, वडे मात्र तीनदा घेतले.

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण भोजराज गुरुजींना युक्ती सुचली. म्हणाले, अरे मग प्रश्नच मिटला. ज्या बाईच्या आवाजाची कसोटी लावली, ती बाई आपल्याकडे आहे. आत्ता इथेच ताडून पाहू. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे. एकदा वहिनी बोलतील, एकदा बोदल बोलेल. फरक वाटला त्याने हात वर करायचा.

तू जे सहा वर्षांपूर्वी मागितलंस, तेच. तुझ्याविरुद्ध.

मी नाही म्हणणार होते. पण दादा म्हणाले, "अल्का, ये. कायले लाजून राहिली?" आणि स्वतः उठून मला त्यांच्या खुर्चीशेजारी उभं केलं. सगळी पांढरी डोकी भिंतीकडे वळली. मी म्हणाले, दरेकसा, सालेकसा, सौंदड, वडसा. एकसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज, गजू, जाड झालेला, थोडा कापरा. मग बोदलने म्हटलं, पंचविशीतल्या मुलीच्या आवाजात, प्रत्येक 'स' सुईसारखा. दोन्हींत एवढं अंतर होतं, जेवढं दरेकसापासून वडसापर्यंत असेल. कानात कापूस घातलेल्यालाही कळावं.

एक हात वर गेला नाही. "सेम टू सेम," कुणीतरी म्हणालं. "वहिनी, तुम्ही म्हातारं व्हायचं विसरलात," दुसरं कुणीतरी. सगळे वळले, टाळ्या सुरू झाल्या. मागे दारात वच्छलाबाईंनी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं.

दादांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलेलंच नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघत उभे होते. मी बोलले तेव्हा ओठ हलले आणि त्यांना काय ऐकू आलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बोदल बोलला तेव्हा त्यांना सगळं ऐकू आलं. समोरची बायको आणि पेटीतली बायको एक नाहीत, हे त्या खोलीतल्या सगळ्या पुरुषांत फक्त त्यांना कळलं.

त्यांनी मला विचारलं, सगळ्यांदेखत. "तू सांग, अल्का. तुहा आवाज असाच आहे का?"

खोलीभर माणसं. गळ्यात हार. दारात बायका. गुरुजींनी मोबाईल वर धरलेला.

मी म्हणाले, "असाच आहे."

पुढचं तू पाहिलंच असशील. गुरुजींनी ते रात्री नेटवर चढवलं. निळं लुगडं नेसलेली ती बाई मी आहे. खाली शीर्षक दिलंय, 'जिचा आवाज, तिचीच साक्ष'.

मी तुझी माफी मागत नाहीये. मी तुला दोनदा लिहिलं होतं. तू काढला असतास तर त्यांनी तो लावला नसता, आणि मला तुम्हा दोघांतून एकाला निवडावं लागलं नसतं. खोलीत माझा नवरा होता. तू पुण्यात होतास.

अल्का वहिनी


१९ डिसेंबर

गजू,

व्हिडिओ गेला. तुझं ते चॅनलच दिसत नाही आता. खुशबू म्हणते, काका त्यावर काहीच बोलत नाही, विचारलं की हवापाण्याच्या गोष्टी काढतो.

लोकांनी तुला काय काय लिहिलं ते मी वाचलं. 'ज्या बाईचं नाव विकलं तिनेच थोबाड फोडलं.' 'आधी स्वतःचे कान तपास.' तुझेच शब्द तुला परत केले त्यांनी. काही लिहिणारे तर असे, ज्यांनी ना बोदल ऐकलाय ना मला. झाडीनादवर तीन दिवस पेढ्यांचे फोटो. दुलीचंद सेठ शामकलाला घेऊन घरी आले, मला साडी दिली, "भाभीजी, वो टेसन वाली बात..." म्हणाले आणि पुढचं वाक्य चहात बुडवलं. साडी चांगली आहे. मी नेसत नाही.

तू बरोबर होतास, हे जगात मला माहीत आहे, वच्छलाबाईंना माहीत आहे आणि तुझ्या दादांना माहीत आहे. तिघांपैकी एकानेही ते म्हटलं नाही. तू तरी भांडायचंस. तू भांडला असतास तर मला तुझा राग राहिला असता आणि मला तेच बरं पडलं असतं. तू नुसता निघून गेलास, मागच्यासारखा. माझ्या शब्दाखातर गेलास असं मला वाटू नये म्हणून मी पुष्कळ प्रयत्न करतेय.

तुझा पलंग अजून आहे. त्यांनी तो भंगारात दिला नाही. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. गुरुजी घरी येऊन तुझं नाव काढायला लागले की हे उठून अंगणात जातात. मी ज्याला घाबरले होते ते झालंच नाही. तेव्हा मी खोटं कशासाठी बोलले, तेही आता मला नीट सांगता येणार नाही.

बोदलला मागणी वाढलीय. आसनसोलहून विचारणा आली. हे सगळ्यांना हो म्हणतात आणि मागच्या खोलीत जात नाहीत. पेट्या कोऱ्या पडून आहेत. मी एक पॉलिश करायला घेतली, तर म्हणाले, राहू दे.

आणि एक सांगते, हेच सांगायला हे पत्र लिहितेय. पूर्वी माझं बोलणं कळलं नाही तर ते चिडायचे. काय म्हणाली, नीट बोल, तोंडातल्या तोंडात काय बोलते, कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का? वर्षानुवर्षं मी त्याला कंटाळले होते. एक वाक्य तीनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा ओरडून. आता ते विचारत नाहीत. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही. मी काहीही बोलले तरी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मान हलवतात. गॅस संपला म्हटलं, मान हलवली. खुशबूला ताप आहे म्हटलं, मान हलवली. परवा मुद्दाम काहीच्या बाही, आज नागझिऱ्याचा वाघ आपल्या अंगणात आलाय म्हटलं. समजूतदारपणे मान हलवली आणि पेपर उलटला.

म्हणून आज दुपारी मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि ते जेवायला बसले होते तिथे त्यांच्या समोर जाऊन बसले. पार समोर, हातभर अंतरावर. सगळे शब्द स्पष्ट, सिस्टरसमोर म्हणावेत तसे, पण ओरडून नाही. मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. माझा आवाज तसा नाही. गजू खरं बोलत होता. त्याला फोन करा."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटच्या शब्दापर्यंत बघत होते.

मग त्यांनी मान हलवली आणि ताट पुढे केलं. मी भात वाढला.

वहिनी